बंद शाळेत हजर असलेल्या विद्यार्थिनीच्या पात्रतेबाबत

प्रति,
मा. संचालक,
प्रवेश-पात्रता विभाग,
हेमलॉक रिज कम्युनिटी कॉलेज,
टॅमरॅक काउंटी, पेनसिल्व्हेनिया.

अर्जदार : लेनर्ड ह्रुस्का, बातमीदार, राहणार कोल्डर्स मिल.
दिनांक : २ मार्च २०१८

विषय : हायस्कूलमध्ये शिकत असतानाच कॉलेजच्या श्रेयांकाचा विषय घेण्यास कु. ब्रिन ह्रुस्का हिला पात्र ठरवण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची तीन पत्रे. त्यांतली कोणतीही दोन एकत्र खरी असू शकत नाहीत.

महोदय,

१. सोमवार, २७ नोव्हेंबर २०१७, सकाळी साडेआठ. कोल्डर्स मिल हायस्कूलच्या दाराला कुलूप होते. आपल्या कॉलेजचे पर्यवेक्षक श्री. आयझॅक बेल पात्रता परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचा सीलबंद लिफाफा घेऊन पायरीवर उभे होते. परीक्षेला बसायचे सात विद्यार्थी आले नाहीत. त्यांतली एक, कु. ब्रिन, ही अर्जदाराची मुलगी. त्या दिवशी घडले ते एवढेच. बाकीचे सगळे नंतर पत्रव्यवहाराने घडवले.

२. ‘मानवी शरीररचना’ हा आपल्या कॉलेजचा विषय आमच्या शाळेतच शिकवला जातो. कॉलेज डोंगरापलीकडे आहे आणि हिवाळ्यात घाटरस्ता कधी बंद होईल याचा नेम नसतो, म्हणून आपणच ही सोय केलीत. त्याबद्दल गाव आपले आभारी आहे. तो शिकवायला आपण मान्यता दिलेल्या शिक्षिका एकच, मिसेस ओटिली यॉस्ट. त्या जूनमध्ये निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी मान्यता मिळेल असे दुसरे कोणी शाळेत नाही, आणि शोधायला कोणी निघालेही नाही. आपल्या नर्सिंगच्या वर्गात काउंटीतल्या मुलांसाठी ज्या जागा राखून ठेवल्या जातात, त्या हा विषय आधीच पार केलेल्यांनाच मिळतात. ब्रिनला त्यांतली एक जागा हवी आहे. म्हणजे या वसंतात तिचे नाव आपल्या यादीत लागले तर लागले, नाहीतर यॉस्टबाई घरी आणि ब्रिन किराणा दुकानाच्या गल्ल्यावर.

मागच्या वर्षी ब्रिनची सरासरी आपल्या अटीला थोडी कमी पडली होती. ती तिने भरून काढली. शाळेची शिफारस मिळाली, पालकांची संमती मिळाली (ती अर्जदाराचीच असल्याने अडचण आली नाही). राहिली होती फक्त पात्रता परीक्षा.

३. पुढचे आपल्याला सांगण्याची गरज नाही, पण फायलीला आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा सोमवार हा आमच्याकडे शिंगाळ्या हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस; गाव त्याला नुसते ‘पहिला सोमवार’ म्हणते. त्या दिवशी शाळा नसते, दाताचा डॉक्टर नसतो, न्यायालय बसत नाही; लग्न कोणी ठरवत नाही आणि जमेल तोवर कोणी मरतही नाही. शाळेच्या छापील दिनदर्शिकेत त्या तारखेखाली ‘सुट्टी’ असे लिहिलेले नाही. तो चौकोन नुसता कोरा सोडलेला असतो. आजवर तो कोणाला समजावून सांगावा लागलेला नाही.

आपल्या परीक्षेची सूचना थँक्सगिव्हिंगच्या आधी शाळेच्या फळ्यावर लागली. तारीख सातही मुलांनी वाचली. सातही मुलांना वाटले की छापताना चूक झाली. ब्रिन तरीही समुपदेशिका मिस क्रेगो यांच्याकडे गेली. दोघींमध्ये काय बोलणे झाले हे अर्जदाराने दोघींनाही वेगवेगळे विचारले. धंद्याची सवय आहे. दोघींचे उत्तर जुळले.

ब्रिन म्हणाली, “मॅडम, परीक्षा पहिल्या सोमवारी लावलीय.”

मिस क्रेगो म्हणाल्या, “अगं, चुकलं असेल त्यांचं. पहिल्या सोमवारी कोण घेतंय परीक्षा? बदलतील.”

“फोन करून विचारायचं का?”

“काय विचारणार? ‘अहो, सोमवार म्हणजे सोमवारच ना?’ हसतील आपल्याला. जा, टर्की खा.”

ही चूक आहे, हे अर्जदार मान्य करतो. पण ती ज्या गावात प्रत्येकाला सगळे ठाऊक असते त्या गावाची चूक आहे. एकट्या ब्रिनवर ती टाकता येणार नाही.

४. श्री. बेल सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाहून आपल्याकडे रुजू झाले. त्यांनी अर्जदाराला दिलेली माहिती अशी. त्यांनी दार ठोठावले, मागच्या बाजूला जाऊन खिडक्यांतून डोकावले, गाडीचा भोंगा वाजवला. समोरच्या कॅफेच्या दारावर पाटी होती, ‘रानात गेलोय. मंगळवारी या.’ रस्त्यावर चिटपाखरू नव्हते आणि डोंगरातून थोड्या थोड्या वेळाने गोळ्यांचे आवाज येत होते. ते म्हणाले, “खरं सांगतो, मला वाटलं इथं काहीतरी भयंकर झालंय. मी दोन वेळा पोलिसांना फोन लावला. उचलला नाही.”

उचलणार कोण? शेरीफही रानातच होते.

तरीही श्री. बेल निघून गेले नाहीत. परीक्षेच्या सूचना मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि वेळ संपेपर्यंत पर्यवेक्षकाने जागा सोडू नये असा आपला नियम आहे. त्यांनी वाहनतळात उभे राहून सूचना मोठ्याने वाचल्या. मग हीटर चालू ठेवून गाडीत बसून राहिले. वेळ संपल्यावर त्यांनी सातही जणांपुढे ‘गैरहजर’ लिहिले आणि लिफाफा जसा आणला तसा परत नेला. अर्जदाराची त्यांच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. त्या दिवशी संपूर्ण काउंटीत आपले काम केलेला तो एकच माणूस होता.

५. गैरहजेरीच्या कारणासाठी आपल्या छापील अर्जात तीन चौकोन आहेत : आजार, घरातला मृत्यू, न्यायालयाचे समन्स. ब्रिन त्यांपैकी कशातही बसत नाही, म्हणून ती कुठे होती ते इथे लिहावे लागते.

अर्जदाराचे वडील कोळशाच्या खाणीत होते. खाणीची धूळ त्यांच्या छातीत राहिली. आता ते नाकाला ऑक्सिजनची नळी लावून असतात. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांनी पहिला सोमवार चुकवलेला नाही. यंदा त्यांना रानात एकटे सोडणे शक्य नव्हते आणि अर्जदार कामावर होता. म्हणून पहाटे ब्रिन त्यांना शेताच्या कडेच्या फळ्यांच्या झोपडीत घेऊन गेली. एका खांद्याला बंदूक, दुसऱ्याला ऑक्सिजनचा सिलिंडर. नळीच्या फुसफुशीने हरणे बुजतात हे दोघांनाही माहीत होते. आजोबा म्हणाले, “बुजू देत. मी काय त्यांच्यासाठी आलोय?”

आठच्या सुमारास एक मोठे शिंगाळे हरीण ओढ्यापलीकडे येऊन थांबले. ब्रिनने नेम धरला होता. तेवढ्यात आजोबांचा श्वास अडकला. तिने बंदूक खाली ठेवली, त्यांना पुढे वाकवून बसवले, सिलिंडरची कळ फिरवली आणि त्यांच्या ओठांचा रंग परत येईपर्यंत मनगट हातात धरून बसली. हरीण निघून गेले. श्वास परत आल्यावर आजोबांचे पहिले वाक्य होते, “गेलं ना? गाढवे, मी कुठं पळून जाणार होतो?”

म्हणजे श्री. बेल ज्या वेळी कुलपाकडे बघत होते, साधारण त्याच वेळी ही विद्यार्थिनी आपल्या अभ्यासक्रमातल्या श्वसनसंस्थेच्या धड्यात होती. अर्जदार हे पात्रतेचा पुरावा म्हणून मांडत नाही. तसा चौकोन नाही.

६. पहिला अर्ज डिसेंबरात केला. आपल्या पहिल्या पत्रात उत्तर आले की विद्यार्थिनी विनाकारण गैरहजर होती आणि गैरहजर उमेदवाराला पुढच्या वर्षीच बसता येते. पुढच्या वर्षी ती शाळेत नसेल आणि यॉस्टबाईही नसतील, हे आम्ही कळवले. सोबत मुख्याध्यापक श्री. गार्लंड पेटिट यांचा दाखला जोडला की त्या दिवशी शाळा बंद होती.

त्यावर आपले दुसरे पत्र आले. शाळा बंद होती हे आपण उदारपणे मान्य केलेत. पण नियम चारप्रमाणे परीक्षेच्या दिवशी उमेदवार शाळेत हजर असलेला विद्यार्थी असला पाहिजे. शाळाच बंद, म्हणजे कोणीही हजर नव्हते; म्हणजे त्या दिवशी पात्र उमेदवार एकही नव्हता. सबब ब्रिन गैरहजर नव्हती, अपात्र होती. परीक्षा मात्र रीतसर पार पडली, असे आपण त्याच पत्रात नमूद केले आहे.

हे पत्र वाचून बाकीच्या सहा मुलांच्या पालकांनी नाद सोडला. त्यांतले एक, गावातले प्लंबर श्री. ड्वेन स्टाउफर, अर्जदाराला म्हणाले, “लेनर्ड, मी पाइप बघून सांगतो पाणी कुठून गळतंय. हे पत्र बघून काही सांगता येत नाही. तू पेपरात लिहितोस, तूच लिही बाबा.”

७. इथे श्री. पेटिट यांच्या चांगुलपणाने प्रकरण बिघडले. ते म्हणाले, “हजेरीच हवी ना त्यांना? देतो.” आणि त्यांनी शाळेच्या संगणकात २७ नोव्हेंबर या तारखेला कु. ब्रिन ह्रुस्का हजर अशी नोंद केली. तेव्हापासून त्या दिवशी कोल्डर्स मिल हायस्कूल बंद आहे आणि त्यात एक विद्यार्थिनी आहे.

ती नोंद आपोआप राज्याच्या शालेय आहार खात्याकडे गेली. खात्याने शाळेला विचारले आहे की सदर दिवशी हजर असलेल्या विद्यार्थिनीला दुपारचे जेवण आणि दूध का देण्यात आले नाही. शाळेच्या बसचा ठेकेदार विचारतो आहे की तिला घरी कोणी सोडले. श्री. पेटिट यांनी अर्जदाराला दुकानात गाठून विचारले, “अरे, मी आता त्या दुधाचा खुलासा कसा देऊ? ती दूध पितच नाही असं लिहू?” अर्जदाराने त्यांना काही लिहू नये असा सल्ला दिला. त्यांनी लिहिले. आता खात्याने तिच्या ॲलर्जीचे प्रमाणपत्र मागवले आहे.

आणि आपले तिसरे पत्र आले. विद्यार्थिनी त्या दिवशी शाळेत हजर असल्याचे आपण नोंदवून घेतले आहे आणि विचारले आहे की शाळेच्या इमारतीत हजर असूनही, पर्यवेक्षक दारात उभे असताना, तिने परीक्षा का दिली नाही. हा परीक्षेवर बहिष्कार समजावा काय. ब्रिनने हे पत्र दोनदा वाचले आणि म्हणाली, “बाबा, मग दार मी आतून का नाही उघडलं, हेपण विचारायला हवं होतं त्यांनी.”

८. मिसेस यॉस्ट यांच्या वर्गात यंदा आपल्या यादीवरचे, मागच्या वर्षीच पात्र ठरलेले आठ विद्यार्थी आहेत आणि यादीबाहेरचे हे सात जण. खोली तीच, फळा तोच, प्रश्नपत्रिकाही तीच. आठांचे गुण आपल्याकडे येतात. सातांचे बाईंच्या टेबलाच्या खणात राहतात. ब्रिनची जागा खिडकीजवळ, यादीवरच्या दोघांच्या मध्ये आहे. पहिल्या चाचणीत त्या दोघांनीही हाडांच्या प्रश्नावर तिच्याकडे चोरून पाहिल्याचे बाईंनी पाहिले आणि त्या दोघांना दम दिला. अर्थात त्यांचे गुण आपल्याला मिळाले असतीलच, आणि ते चांगले असावेत.

यॉस्टबाईंनी अर्जदारालाही शिकवले आहे, त्यामुळे त्या त्याच्याशी आडपडदा ठेवत नाहीत. त्या म्हणाल्या, “लेनर्ड, वर्गात पहिली आहे ती. मी सही करून टाकली असती. जूनमध्ये घरीच बसायचंय, माझं कोण काय वाकडं करणार? पण माझी सही चालत नाही रे. तुझ्या त्या साहेबाचीच लागते. त्यांना सांग, पोरगी माझ्यासमोर बसलीय. हवं तर येऊन हात लावून बघा म्हणावं.”

हा निरोप अर्जदार जसाच्या तसा पोहोचवत आहे.

९. एक बाब अर्जदाराने आजवरच्या अर्जांत मांडली नव्हती आणि आताही नाइलाजाने मांडतो. आमच्या दैनिकात दरवर्षी पहिल्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर शिकाऱ्यांची छायाचित्रे छापतो. २७ नोव्हेंबरला अर्जदार त्याच कामासाठी घाटाखालच्या पेट्रोल पंपावर उभा होता. दहाच्या सुमारास एक गृहस्थ नारिंगी जाकिटात, गाडीच्या मागच्या फळीवर आठ टोकांच्या शिंगांचे हरीण घेऊन आले. अर्जदाराने छायाचित्र घेतले, नाव व हुद्दा विचारून लिहून घेतला आणि रीतीप्रमाणे अभिनंदन करून विचारले, “आज ऑफिसला सुट्टी वाटतं?”

ते गृहस्थ हसून म्हणाले, “आज कोण जातंय हो ऑफिसात? वेडा असेल तो.”

त्या वेळी श्री. बेल वाहनतळात गाडीत बसलेले होते.

नाव आणि हुद्दा अचूक छापले आहेत. आपल्याकडून दुरुस्तीचे पत्र आलेले नाही. वाक्य छापलेले नाही. छायाचित्राची प्रत सोबत जोडली आहे. ती आरोप म्हणून जोडलेली नाही. पहिला सोमवार म्हणजे काय, याचे एवढे स्पष्ट वर्णन अर्जदाराला शब्दांत करता आले नसते, इतकेच. हरीण खरोखर देखणे होते.

१०. सबब नम्र विनंती की,

(अ) त्या दिवशी कु. ब्रिन गैरहजर होती, हजर होती की अस्तित्वातच नव्हती, याचा एकदा एकाच पत्रात निर्णय व्हावा. तीनपैकी कोणताही निर्णय अर्जदाराला मान्य आहे, फक्त त्यावरून पुढे काय करायचे ते त्याच पत्रात लिहावे.

(ब) श्री. बेल पुन्हा यायला तयार आहेत. लिफाफ्याचे सील अजून फोडलेले नाही. शाळा उघडी असेल अशा कोणत्याही दिवशी परीक्षा घ्यावी. हवे तर दार ब्रिन स्वतः उघडेल.

(क) आपली यादी पुढच्या शुक्रवारी, ९ मार्चला बंद होते. निर्णय त्याआधी व्हावा. नंतर तो कितीही न्याय्य असला तरी त्याचा उपयोग फक्त फायलीला होईल.

हेही शक्य नसेल, तर मिसेस यॉस्ट यांच्या खणातल्या गुणांचे जूननंतर काय करायचे ते त्यांना लेखी कळवावे. त्या टेबल रिकामे करायला लागल्या आहेत.

आपला नम्र, आणि आपल्या उत्तराशिवाय दुसरा मार्ग नसलेला,

(सही)
लेनर्ड ह्रुस्का

सोबत :
१. आपल्या तिन्ही पत्रांच्या प्रती
२. शाळा बंद असल्याचा दाखला, आणि त्याच शाळेत विद्यार्थिनी हजर असल्याचा दाखला
३. दुधाबाबत आहार खात्याची विचारणा
४. दैनिकाचे पान तीन, दि. २८ नोव्हेंबर २०१७

ता. क. : हा अर्ज पाकिटात घालत असताना दुपारच्या टपालाने आपले चौथे पत्र आले. कु. ब्रिनचे प्रकरण सुनावणीस घेतल्याबद्दल अर्जदार आभारी आहे. सुनावणीसाठी तिने समक्ष हजर राहावयाचे आहे. स्थळ, कोल्डर्स मिल हायस्कूल. वेळ, सोमवार, २६ नोव्हेंबर २०१८, सकाळी साडेआठ.

तोवर तिची शाळा संपलेली असेल. शाळा मंडळाने पुढच्या वर्षाची दिनदर्शिका याच मंगळवारी मंजूर केली. सभेचे वार्तांकन अर्जदारानेच केले. त्या तारखेचा चौकोन कोरा आहे.

पत्र वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी नळी नीट केली आणि म्हणाले, “त्या दिवशी शाळेत कुणी नसतं म्हणावं. झोपडीत या. बाकावर तिघं मावतात, फक्त बोलू नका.” हा पत्ता आपल्या सोयीसाठी कळवत आहे.

आत्ता सव्वा वाजला आहे. मिसेस यॉस्ट यांच्या वर्गात दुसरी चाचणी चालू आहे. विषय, फुप्फुसे. ब्रिन खिडकीजवळ बसून पेपर लिहीत आहे. यादीत तिचे नाव अजून नाही.